रिपोर्ट मला माहीत होता

"ये देखिए, दो बैंड. ये हमारी मैडम का ब्लड है."

सर रक्ताच्या टेस्टची पट्टी उजेडासमोर धरून नव्या डॉक्टर मुलांना दाखवत होते. मॅडम म्हणजे मी. बेसिनपाशी नळ्या धूत उभी होते. दिल्लीतल्या मोठ्या दवाखान्यात, रक्तविकार विभागाच्या लॅबमध्ये टेक्निशियन. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार; त्याची टेस्ट लावताना शेजारी एक माहितीतलं रक्त लावावं लागतं, नाहीतर निकाल खरा की खोटा ते कळत नाही. त्याला कंट्रोल म्हणतात. माझ्या रक्तात सिकलसेल निम्मा आहे. मला त्रास काही नाही, पण पट्टीवर दोन बँड दिसतात, एक चांगल्या रक्ताचा, एक सिकलसेलचा. म्हणून दर सोमवारी माझाच हात. विचारत कुणी नसे, सुई घेऊनच येत.

"ये किन लोगों में होता है, सर?" एका मुलाने विचारलं.

"इन्हीं से पूछो. बताइए मैडम, आप लोगों में तो घर-घर में है. कौन लोग हैं आप?"

"महाराष्ट्रीयन," मी म्हटलं.

"अरे, वो तो सबको पता है. असली बात बताइए ना. शर्माना क्या?"

पोरं हसली. सरही हसले, अगदी प्रेमाने. मी नळ्या धूत राहिले. धुतलेल्याच परत धुतल्या.

आम्ही भंडाऱ्याकडची बौद्ध माणसं. वडील कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी लहानपणीच शिकवून ठेवलेलं: दिल्लीत कुणी विचारलं तर मराठी म्हणायचं आणि गप्प बसायचं. तेच केलं. आणि अपमानाची एक खोड असते. वर परत करता आला नाही की माणूस तो खालच्यावर ढकलतो. मीही ढकलला. ज्यांच्यावर ढकलला ती माझीच माणसं होती, हे लिहायला बसले आहे.

दिल्लीच्या कडेला द्वारकेत तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या. बँकवाल्यांच्या, कंपनीवाल्यांच्या. गिलाव्याला, विटा वाहायला भंडारा-गोंदियाकडची माणसं आली होती. सरांना त्यांचं रक्त हवं होतं, अभ्यासासाठी. त्यांची भाषा येणारं माणूस लॅबमध्ये एकच होतं. मला गाडीत घालून नेलं.

पत्र्याच्या झोपड्यांपुढे बायका उभ्या. कुणी हात पुढे करेना. मी मराठीत बोलले तसे चेहरे सैलावले. शीला नावाची बाई पुढे आली. तिची सहा वर्षांची प्रज्ञा आणि त्याहून लहान एक मुलगा. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "जय भीम. तुमी आपल्यातल्याच का जी?"

मी मागे वळून पाहिलं. ज्युनियर डॉक्टर लांब होता. मग म्हटलं, "हो."

"पोरीचे हातपाय लय दुखते. रिपोट भेटन ना?"

"भेटेल ताई. मी आहे ना."

त्या एका वाक्यावर अख्ख्या वस्तीने हात पुढे केले.

पट्टी मीच लावली. शीलाच्या दोन्ही लेकरांच्या रक्तात एकच बँड होता, सिकलसेलचा. म्हणजे निम्मा नाही, पुरता आजार. रजिस्टरमध्ये मीच लिहिलं. पण संशोधनाचा पेपर छापून येईस्तोवर निकाल बाहेर जायचा नाही, हा सरांचा नियम. "रिसर्च का है, रिपोर्ट नहीं देते." मी मान डोलावली.

महिन्याभराने शीला आली. दोन बस बदलून, कामाचा खाडा करून. लॅबच्या खिडकीत तिचा चेहरा दिसला आणि ती हसली. "बाई, वळखलं का? प्रज्ञाचा रिपोट."

माझ्यामागे तीच डॉक्टर मुलं चहा पीत बसली होती. पट्टीवर हसलेली.

मी हिंदीत म्हटलं, "रिपोर्ट यहाँ से नहीं मिलता. ओपीडी में पूछिए."

ती गोंधळली. पुन्हा मराठीत काही बोलू लागली. मी पुन्हा हिंदीत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. तिचं हसू गेलं. ओपीडीत तिला कोण विचारणार होतं? मला ठाऊक होतं, कुणीच नाही. तरी खिडकी लावून घेतली. ती बराच वेळ व्हरांड्यात बसून होती म्हणे.

जानेवारीत पुन्हा नमुने घ्यायला आम्हाला द्वारकेला पाठवलं. शीला शेकोटीपाशी होती. मुलगा कडेवर. मी विचारलं, "प्रज्ञा कुठंय?"

"ताप आला होता. वाटलं, थंडीचा आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं सुई देल्ली. दुसऱ्या दिवशी गेली."

एवढंच बोलली. आणि मुलाची बाही वर सरकवून त्याचा हात माझ्यापुढे धरला.

सिरिंज माझ्या हातात होती. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही. सर हसले होते तेव्हाही नाही. सिकलसेलच्या लेकराला साधा तापही एका दिवसात नेतो. ताप आला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, हे एक वाक्य मला सांगता आलं असतं. करून सवरून नामानिराळी राहिले होते मी.

सिरिंज खाली ठेवली. "ताई, आधी रिपोर्ट ऐक."

"मैडम, सर ने मना किया है," ज्युनियर डॉक्टर म्हणाला.

"मना किया होगा. मैं इन्हीं लोगों में से हूँ, और मैं बताऊँगी."

सगळं सांगितलं. आजाराचं नाव. मुलालाही तोच आहे. ताप आला तर तासभरही थांबायचं नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं. थंडी लागू द्यायची नाही, पाणी भरपूर, गोळ्या रोज. शीलाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

खोटं सहज बोलता आलं असतं. "तू खिडकीवर आलीस त्याच्याही आधीपासून."

तिने मुलाचा हात माझ्यापुढून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडून प्रत्येकाचा निकाल वेगळ्या चिठ्ठीवर मराठीत लिहिला आणि वस्तीत वाटून आले. सरांनी बोलावलं. "किसकी परमिशन से?"

"जिनका खून है."

मेमो निघाला. मला लॅबमधून नोंदणीच्या टेबलावर बसवलं. बसते. आलेल्या माणसाला समजेल त्या भाषेत सांगते, आणि निकाल हातात पडल्याशिवाय त्याला उठू देत नाही. जिथे रिपोर्ट अडेल तिथे जाऊन भांडते. कोण लोक आहात विचारलं, तर न विचारलेल्यालाही ऐकू जाईल असं सांगते.

शीलाच्या मुलाला गोळ्या द्यायला दर महिन्याला द्वारकेला जाते. ती घेते, बोलत नाही. माफी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. मागितली की तिला द्यावी लागेल. तिच्याकडून आम्ही घेतलं तेवढं पुरे झालं.