उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या बायबलबाई प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. सगळी मंडळी माना खाली घालून बसलेली आणि या आपल्या टकटक बघताहेत. पाळकसाहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "मिटले का मले माहंच भाविक तोंड दिसते, साहेब. मंग देव दिसत नाही."

स्वातंत्र्यानंतर गोंदियाच्या गोऱ्या मिसबाई मायदेशी परतल्या आणि घरोघर जाऊन वचन वाचून दाखवायचं काम या विधवा बाईंवर आलं. चोरी-दारूच्या पापांवर त्या फारशा बोलत नसत. ती पापं साऱ्या गावाला ठाऊकच असतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बायका तांदूळ निवडत असलो की सूप ओढून बसत नि म्हणत, "काळा खडा आंधळीलेही सापडते. पांढरा शोधा."

माझा पांढरा खडा त्यांनीच शोधला. त्या वर्षी माझ्या थोरल्या जावेने दोन शेतांमधला धुरा फोडून आमच्या धानाच्या बांधीतलं पाणी स्वतःच्या धानाला घेतलं. आमचं बोलणं तुटलं. तिने रविवारच्या उपासनेला देवळात येणंही सोडलं. मी मात्र बायकांच्या सभेत दर बुधवारी मोठ्याने प्रार्थना करी, "प्रभू, माझ्या जावेचं कठीण मन मऊ कर, तिला क्षमा कर." बायका चुकचुकत. पाण्याची हकीकत मी माणसांत कुणालाच सांगितली नव्हती बरं, फक्त देवाला सांगत होते. ती साऱ्या वस्तीला ऐकू जाई, एवढंच. आपलं मन केवढं मोठं, असं मला मनापासून वाटे.

नाताळच्या आधीच्या बुधवारी सभा आमच्या ओसरीत होती. कुडापलीकडे जाऊ धान कांडत होती. मी नेहमीच्या वाक्यावर आले तोच बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. तिचं नाव काढ, तुहं घाल, अन् हेच म्हण."

रागाने माझे कान तापले. उठून जावंसं वाटलं, पण घर माझंच, जाणार कुठे? "प्रभू, माझं कठीण मन..." एवढं म्हटलं आणि पुढचं रडण्यात गेलं. कांडण थांबलं. जाऊ दारात आली. "धुरा तं मीनं फोडला," ती म्हणाली. "तू कायले रडून राहिली?" मग आम्ही सगळ्यांनी असं गीत उचललं की गोठ्यातले बैल बुजले. नाताळात आम्ही दोघींनी शेजारी बसून प्रभुभोजन घेतलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बाईंचे आभार मानायला गेले, तर बाई खिन्न. म्हणाल्या, "माह्यामुळे झालं, असं वाटून राहिलं मले. सकाळपासून तोच खडा काढून राहिली."

शेवटच्या दुखण्यात आम्ही दोघी जावा त्यांच्यापाशी होतो. मी प्रार्थना सुरू केली. त्या नेहमीसारख्या टक लावून बघत होत्या. मग हलकेच हसल्या. "आता मिटतो," म्हणाल्या. "आता माहं तोंड दिसत नाही."

आणि त्यांनी डोळे मिटले. आम्ही रडलो, पण गीतही म्हटलं, ओसरीतल्या त्या बुधवारसारखंच मोठ्याने.