दादाच्या पेटीतली हत्यारे

दादाने आपली लाकडी पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "हिच्यात मावतील तेवढीच हत्यारं आण. पेटीबाहेर एक खिळासुद्धा नको."

पेटी माझ्या चांगल्या ओळखीची होती. दादा पहिल्यांदा बोटीवर इंजिनाला तेल घालणारा तेलवाला म्हणून गेला तो हीच घेऊन. पुढे मी कॉलेजात निघालो तेव्हा त्याने ती रिकामी करून तिच्यात माझी पुस्तके भरली आणि स्वतःचे कपडे धोतरात बांधून तो बोटीवर गेला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी इंग्रजी शाळेची पायरी चढले नव्हते. मी बी. ए. होऊन रत्नागिरीत मास्तर झालो तो दादाच्या जोरावर. त्यामुळे पेटी समोर येताच मी "हो" म्हणून मोकळा झालो. काय आणायचे हे मला मुळीच ठाऊक नाही, ही गोष्ट त्या भरात लक्षात आली नाही.

त्या हिवाळ्यात दादा रजेवर आला होता आणि एका बागाईतदाराकडून त्याने जुनी मोटार घेतली होती. ती आमच्या मांगरात, गवताच्या खोपटात, पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालीत. पावसाळ्यात आगबोटी बंद असतात, तेवढ्यात घरच्या घरी गाडी दुरुस्त करायची आणि बोटी सुरू झाल्या की बंदरावरून लांज्यापर्यंत उतारू न्यायचे, असा दादाचा बेत होता. गाडी चालली तर तो घरी राहणार होता. नाही चालली तर पहिल्याच बोटीने मुंबईला आणि तिथून आपल्या जहाजावर.

वहिनीने मला पडवीत गाठले. "भावजी, एवढी बुकं वाचलीत, त्यांतलं एखादं ह्या गाडीच्या कामी येऊ द्या. हे परत गेले की मी पुन्हा पत्रांवर दिवस काढायचे. आणि ती तरी वाचून दाखवायची कोणी? तुम्ही. नवऱ्याचं पत्र दिराच्या तोंडून ऐकायचं म्हणजे..." पुढचे सांगायची गरज नव्हती. ती पत्रे वाचताना मीच मधल्या ओळी गाळीत असे.

मग मी परीक्षेला बसावे तसा कामाला लागलो. वाचनालयात मोटारीवरचे एक इंग्रजी पुस्तक होते, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. मांगर घरापासून हाकेच्या अंतरावर होता. पण गाडीचे झाकण काही मी उघडून पाहिले नाही. अभ्यास पुरा झाल्याशिवाय प्रयोगाला हात लावणे मला उथळपणाचे वाटे. गाडीच्या पायरीवर एक काळवंडलेला पितळी पत्रा होता, तो मात्र रोज संध्याकाळी चिंचेने घासून मी आरशासारखा केला.

"काय करतोस रे?" दादा विचारी.

"गाडीचा परिचय करून घेतोय."

"झाला की मला पण सांग," दादा म्हणे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला गेलो आणि हत्यारांच्या दुकानाच्या फळीवर पेटी उघडून ठेवली. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "मोटार विलायती की अमेरिकन? दोन्हींच्या नटांची मापं वेगळी."

कॉलेजात माझा विषय तर्कशास्त्र होता. बागाईतदाराने गाडी घेतली होती एका साहेबाकडून. साहेब विलायतेचा. विलायतेचा माणूस परक्या मुलखाची गाडी कशाला घेईल? मी ठामपणे म्हणालो, "विलायती."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने कापडी गुंडाळी उलगडली. एकाहून एक मोठे विलायती पाने ओळीने खोचलेले होते, चांदीच्या भांड्यांसारखे चकचकीत. मी भारावून गेलो. हातोडी, पकड, पेचकस, टायर उचकटायच्या छोट्या पहारी आणि जॅक अशी एकेक वस्तू पेटीत गेली आणि शेवटी एकच कोपरा उरला. दुकानदाराने त्यात एक ओबडधोबड पाना ठेवला. त्याचा जबडा स्क्रूने पुढेमागे सरके.

"हा घ्या मास्तर. कुठलाही नट खोलेल."

जो कुठल्याही मापाला चालतो त्याला स्वतःचे असे माप काय, असा विचार माझ्या मनात आला. मला तो पाना अशास्त्रीय वाटला. मी तो परत केला आणि त्या कोपऱ्यात एक काचेची नळी ठेवली. तिच्या टोकाला रबरी फुगा होता आणि आत आकड्यांचा तरंगता काटा. बॅटरीतले तेजाब मोजायचे हे यंत्र पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणाचा विषय होते.

मोसमातल्या शेवटच्या बोटीने मी परतलो. पाऊस लागला आणि आम्ही पेटी उघडली. दादाने पहिला पाना नटाला लावला, तो सैल. दुसराही सैल. तिसरा नटावर चढेचना. दादा खाली बसला आणि त्याची नजर पायरीवरच्या पत्र्यावर गेली.

"इथं काय लिवलंय?"

मी पान्यांची गुंडाळी पुन्हा बांधू लागलो.

"वाच की मोठ्यानं."

मी वाचले. कारखान्याचे नाव, गावाचे नाव आणि त्याखाली अमेरिका.

"आणि हा पत्रा कोणी घासलान?"

"मी."

दादा त्या पायरीवरच बसून पोट धरधरून हसला. मग त्याने काचेची नळी उचलली. "ही पिचकारी कसली?"

"बॅटरीतलं तेजाब मोजायची."

"बॅटरी कुठाय?"

आम्ही दोघांनी पुढून, मागून आणि पोटाखालून शोधले. दिवे कार्बाइडचे होते, गाडी सुरू व्हायची ती हँडल फिरवून. बॅटरी नव्हतीच.

वहिनी मात्र हसली नाही. "बोटी बंद. आता बदलून कशी आणायची?"

दादाचे हसू ओसरले. "मग मी जातो पहिल्या बोटीनं."

तिने पाना हातात घेऊन न्याहाळला. मग म्हणाली, "जात्याचा खुंटा हलला तर आम्ही काय मुंबईला जातो? चिंधी कोंबतो नि दळतो."

चिंधी फाटली, पण रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी पान्यात आणि नटात घातली तर पाना घट्ट बसला. जिथे पाना लहान पडे तिथे पुढचा मोठा घ्यायचा आणि दोन पट्ट्या घालायच्या. सबंध पावसाळा इंजिन दादाने उघडले, झडपा दादाने घासल्या आणि पट्टी मी धरली. दादाचा हात बोटीच्या इंजिनावर बसलेला, त्यामुळे त्याने एकदा इतके तेल ओतले की धूर पाहून शेजारी घागरी घेऊन धावले. माझ्या बोटांची साले निघाली. बी. ए.च्या अभ्यासात ती एकदाही निघाली नव्हती.

पहिली बोट आली त्या दिवशी आम्ही गाडी बंदरावर नेली. मागच्या सीटखाली पेटी होती आणि माझ्या मांडीवर दादाच्या कपड्यांचे गाठोडे. बंदरावरची चढण गाडीने चढली नाही, तर ते गाठोडे घेऊन त्याच बोटीने तो जाणार होता. लांज्याचे एक व्यापारी आणि त्यांची बायको आमच्या गाडीत बसली. निम्म्या चढणीवर गाडी आचके देऊन थांबली. खाली बोटीने भोंगा दिला. दादाने गाठोड्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

मी उतरलो. पेट्रोलच्या नळीचा नट ढिला झाला होता. कोणता पाना आणि किती पट्ट्या, हे आता मला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. मी पट्टी धरली, दादाने पाना आवळला, हँडल मारले आणि गाडी खोकत खोकत वर चढली.

"हा कोण तुमचा?" व्यापाऱ्यांनी माझ्या काळ्या हातांकडे बघत विचारले.

"माझा भाव," दादा म्हणाला. "बी. ए. हाय. हत्यारं सगळी त्यानंच निवडलीत."

त्याच्या आवाजात मी थट्टा शोधली. ती नव्हती, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

लांज्याच्या वाटेवर आमचे घर आले तसा दादाने गाडी थांबवून रबरी फुग्याचा हॉर्न दाबला. वहिनी कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकात, उभीच होती. तिने माझ्या मांडीवरचे गाठोडे ओढून घेतले, छातीशी धरले आणि चालू लागलेल्या गाडीमागून ओरडली, "भावजी, पट्टी सांभाळा हां!"