सावळेरामनं भरलेलं पिंप

निरगुडसरच्या नंदाला ट्रॅक्टर चालवायला तिच्या नवऱ्यानंच शिकवलं. सावळेराम मडगार्डवर बसायचा, ती स्टिअरिंग धरायची, आणि बांधावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "हसू दे," तो म्हणायचा, "उद्या ह्याच बोलवायला येतील तुला."

पहिलं लॉकडाऊन लागलं तेव्हा पेट्रोलपंप बंद पडतील या धास्तीनं त्यानं पिंपभर डिझेल आणून गोठ्यामागच्या शेडात ठेवलं. पंप काही बंद पडले नाहीत. पुढच्या वर्षी कोरोनानंच सावळेराम गेला. पिंप तसंच राहिलं.

तेरावं झालं आणि थोरल्या दिरानं, दादाभाऊनं, ट्रॅक्टरची किल्ली खिशात घातली. "वाटप झाल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई," म्हणाला. हात मात्र तो एकटाच लावत होता. नंदानं घोडेगावच्या कचेरीत कितीदा खेटे घातले. शेवटी दादाभाऊनं स्वतःला नवा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा कुठं जुना तिच्या वाट्याला आला.

वाटपाला पंच बसले होते. त्यांच्यापुढं दादाभाऊ म्हणाला, "शेडातलं डिझेलबी तूच घिऊन जा. माझ्या भावानं भरल्यालं हाय, आमाला नगं त्ये."

पंचांनी माना डोलावल्या. नंदाचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत दीर पहिल्यांदा बरं काही बोलला होता.

कांद्याचं रोप लागवडीला आलं होतं, रान तयार करायचं होतं. तिनं पिंप उघडलं. डिझेल काळपट दिसत होतं, वासही आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. पिंपाचा गंज उतरला असेल असं तिला वाटलं. तिनं ते जुन्या लुगड्यातून गाळून टाकीत ओतलं. नवऱ्याच्या हातचं होतं. ओतताना एक थेंब खाली सांडू दिला नाही.

दोन-चार तास चांगले गेले. मग रोटाव्हेटर जमिनीत उतरला की इंजिन गुदमरायला लागलं. धूर फेकून बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा धरली असेल म्हणून तिनं हवा काढली, फिल्टर बदलला, पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. अशी ओढाताण करत ती चालवत राहिली, आणि मग स्टार्टर नुसताच फिरायला लागला.

कळंबचा गेणू मेकॅनिक आला. फिल्टर काढल्याबरोबर त्याच्या हातावर काळा बुळबुळीत गाळ आला.

"वहिनी, डिझेल कवाचं?"

"मालकांनी भरल्यालं."

"अवो, डिझेल नासतं. पिंपात पाणी धरतं, त्यात ही घाण वाढती. पंप, नोझल समदं गेलं बगा." मग हात पुसत तो म्हणाला, "दादाभाऊ बोललं न्हाईत व्हय? गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ह्याच पिंपातलं कॅनभर पाणी उपसायच्या इंजिनात घातलं व्हतं. मीच साफ करून दिलं. तवाच म्हणलो व्हतो, फेकून द्या ह्ये."

नंदा उठली. तशीच मळक्या हातांनी दिराच्या घरी गेली. दादाभाऊ ओट्यावर मोबाइल बघत बसला होता.

"दादा, डिझेल नासलंय ह्ये तुमाला ठावं व्हतं."

त्यानं मान वर केली नाही. "तू ईचारलं व्हतंस का?"

"पंचांपुढं दिलंत तुमी."

"भावाची वस्तू तुला दिली. आन् नासलं त्ये भरलं कुणी? तुज्याच नवऱ्यानं ना?"

ती मागं फिरली. घरी येताना तिला दिराचा राग आला, आणि त्याहून जास्त सावळेरामचा. कशाला भरून ठेवलंस? मेलेल्या माणसावर असं चिडल्याची तिला लाज वाटली, तरी राग जाईना.

रोप तर थांबणार नव्हतं. सगळ्यांची लागवड एकदमच आलेली, गावातले ट्रॅक्टर गुंतलेले. मोकळा होता तो एक दादाभाऊचा. नंदानं तो भाड्यानं लावला. दीर तिच्याच रानातून फेऱ्या मारत होता आणि ती बांधावर उभी होती. भाडं तिनं तिथंच त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते घेतलं. चावडीवर मात्र तो सांगत फिरला, "बाईच्या हातात ट्रॅक्टर दिला की आसंच व्हायचं." पंचांतल्या एकानंही विचारलं नाही की डिझेल कुणी दिलं होतं.

जुना ट्रॅक्टर दुरुस्त झाला, पण पहिल्यासारखा नाही. थंडीत सकाळी लवकर चालू होत नाही. बाया अजून हसतात. बोलवायला कुणी आलं नाही.

यंदा दादाभाऊच्या मुलीचं लग्न झालं. नंदा गेली, कारण पुतणीचा काही दोष नव्हता. अक्षता टाकल्या, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मांडवाबाहेर निघाली. दादाभाऊ लगबगीनं आडवा आला. पाव्हण्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "नंदा, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्याला वळसा घालून रस्त्याला लागली.