गोलाकडं पाठ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान असलेल्या चाचांइतका फुटबॉलवेडा माणूस उभ्या नांदेडात नसेल, आणि त्यांच्याइतके कमी गोल पाहिलेला तर साऱ्या जगात नसेल. आमच्या मोहल्ल्याचा संघ चेंडू घेऊन पुढं निघाला, की चाचा मैदानाकडं पाठ करून मागच्या भिंतीकडं बघत बसतात. तरुणपणी म्हणे एकदा त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि आमच्या पठ्ठ्यानं रिकाम्या गोलावरून चेंडू थेट रस्त्यावरच्या रसवंतीत धाडला. आपली नजर लागते, हे चाचांच्या मनानं तेव्हा घेतलं ते घेतलंच. गोल झाला का, हे ते लोकांच्या ओरडण्यावरून ओळखतात. अलीकडं ओळखण्यासारखं फारसं काही होत नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण आमचा संघ! काय सांगावं महाराजा! आमच्या गोलकीपरला चेंडू सोडून सगळं पकडता येतं. एकदा ऐन सामन्यात त्यानं कटलेला पतंग झेलला होता, आणि टाळ्याही घेतल्या होत्या. चाचांची तयारी मात्र लग्नाला निघाल्यासारखी. अंगात संघाचा हिरवा शर्ट, दाढीत कापूस आणि काखेत स्वतः भरलेली छोटी हिरवी गादी. तिच्यावर दुसऱ्या कुणाला टेकू द्यायचे नाहीत. "दुकानातली हवी ती घे, पण हिला हात लावू नक्को," म्हणायचे. एकदा एक बाप लेकीच्या लग्नाच्या गाद्या न्यायला आला, तर चाचा कुलूप लावत म्हणाले, "लग्न उद्या हाय ना? मग हाफटाइमला या मैदानावर, किल्ली देतो."

असा हा माणूस हळूहळू फिरला. निमित्त लातूरच्या जावयाचं. चाचांची लेक तिकडं दिली, जावई तिथल्या संघाला शिकवतो, आणि तो संघ सवय असल्यासारखा जिंकतो. लेक फोनवर सामने दाखवायला लागली. इकडं आमच्या सामन्याच्या दिवशी दुकान उघडं राहायला लागलं. एक दिवस तर खुंटीवर लातूरचा निळा शर्ट!

"चाचा, हे काय करून राहिले?"

"लेकीनं पाठवला. न्हाई कसं म्हणू?"

"अन् आपली पोरं?"

"अरे बाबा, किती वर्षं भिंतीकडं बघू? जिंकणं कसं असतं ते एकदा डोळ्यानं बघू दे की."

मला लई राग आला. तसाच दुकानाची पायरी उतरलो.

यंदा लातूरचा तोच संघ आमच्या मैदानावर आला. चाचा निळ्यात नाहीत, हिरव्यात नाहीत. साधा पांढरा सदरा घालून, रिकाम्या हातानं आले आणि माझ्याशेजारी दगडी पायरीवर बसले. लातूरचे गोल त्यांनी शांतपणे पाहिले, जावयासाठी टाळ्याही वाजवल्या. मग शेवटी शेवटी आमचं एक पोरगं चेंडू घेऊन सुटलं. समोर फक्त गोलकीपर!

"चाचा, फिरा!" मी ओरडलो.

"राहू दे रे. आता काय फरक पडतो?" चाचा म्हणाले, आणि बघत राहिले. खरं सांगतो, हरण्यापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं.

चेंडू खांबावर आदळून परत आला. अख्खं मैदान हळहळलं. मी चाचांकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा एवढाएवढासा झालेला.

"माझ्यामुळं गेला," ते पुटपुटले. "पाहिलं ना मी."

"न्हाई हो चाचा, पोरगंच गडबडलं."

"तू गप. पोराची काही चूक न्हाई."

आणि चाचा गुडघे सांभाळत उठले, वळले, भिंतीकडं तोंड करून बसले. पलीकडून जावई हात हलवत होता, त्याला सासऱ्यांची पाठ तेवढी दिसली असेल. मीही फिरलो आणि त्यांना चिकटून बसलो. पोपडे धरलेल्या त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. मागं पुन्हा एकदा लातूरवाले ओरडले.

"दगड लई टोचतो रे," चाचा म्हणाले. "पुढच्या वेळी गादी आणतो. दोघांपुरती."