दादाच्या आवाजाचं पॅकेज

कचेरीत तिला सगळे ‘खोकेवाली’ म्हणायचे. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली म्हटली तरी तिची घराणी निराळी. एका घराण्याचं सॉफ्टवेअर डेब नावाच्या पॅकेजमध्ये, म्हणजे खोक्यात, बांधलेलं येतं, दुसऱ्याचं आरपीएममध्ये, आणि एकाचं पॅकेज दुसऱ्याच्या गळी उतरत नाही. ते उघडायचं, आतलं सामान काढायचं आणि दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा बांधायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हात चांगला बसला होता.

थोरल्या भावाचं, दादाचं, अंग आजाराने हळूहळू लुळं पडलं आणि मग वाचाही गेली. डोळे तेवढे हलते राहिले, आणि दुखलंखुपलं सगळं कळायचं. नजर पडद्यावरच्या ज्या अक्षरावर थांबेल ते टिपणारा कॅमेरा मिळाला, पण तो चालणार डेबवाल्या कॉम्प्युटरवर. टिपलेली अक्षरं त्यांच्या घरच्या भाषेत बोलून दाखवणारा प्रोग्राम एकच, आणि तो फक्त आरपीएममध्ये. तो बनवणारी कंपनीही बंद पडलेली. तिने पॅकेज बदललं, आणि घरघरत्या, सपाट आवाजात दादा म्हणाला, “चहात साखर नाही.” वहिनी हसता हसता रडली.

पण असं पॅकेज बदलताना एक गोष्ट मागे राहून जाते: या प्रोग्रामला चालायला आणखी कशाकशाची गरज आहे, ती माहिती. ती हाताने भरावी लागते. बोलतोय ना दादा, मग भरू सावकाश, म्हणून तिने ते पुढे ढकललं, आणि ते राहूनच गेलं.

एका सकाळी कामाला जाता जाता ती दादाकडे डोकावली. तो झोपला होता. तेवढ्यात कॉम्प्युटरचं अपडेट उरकून घ्यावं, असं तिला वाटलं. काही जुन्या फाइली कुठल्याच प्रोग्रामला लागत नाहीत, काढू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने हो म्हटलं आणि निघाली.

दुपारी वहिनीचा फोन आला. “अगं, यांचं बोलण्याचं यंत्र उघडतच नाहीये. डोळ्यांतून नुसतं पाणी चाललंय. काय होतंय तेच कळत नाही मला.”

ती हातातलं काम टाकून धावली. दादा चाकाच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर चादर. वहिनीने पाणी पाजून पाहिलं होतं, मान सरळ केली होती, उशी बदलली होती. दादाचे डोळे एकदा खोकेवालीकडे, एकदा खाली, असे सारखे फिरत होते. ती तडक कॉम्प्युटरसमोर बसली.

“आधी त्यांच्याकडे बघ ना!” वहिनी म्हणाली.

“वहिनी, हे सुरू झालं की तोच सांगेल. थांब जरा.”

सकाळी काढलेल्या फाइलींतच दादाच्या प्रोग्रामला लागणारी फाइल गेली होती, कारण ती लागते ही माहिती पॅकेजमध्ये भरलेलीच नव्हती, हे कळायला वेळ लागला. ती शोधून परत बसवेपर्यंत आणखी वेळ गेला.  पाठीमागे वहिनी हळू आवाजात विचारत होती, “पोट दुखतंय? उकडतंय?” शेवटी यंत्र घरघरलं.

“पाय. डावा.”

वहिनीने चादर उचलली. टाच खुर्चीच्या लोखंडी पट्टीत अडकून बसली होती. कातडी सोलवटून निघाली होती.

 वहिनीने पाय सोडवला, कापूस आणला आणि ती खाली बसून रक्त टिपू लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं खोकेवालीला वाटलं.

“दादा, चुकले रे मी,” ती म्हणाली.

त्याची नजर पडद्यावर एकेक अक्षर वेचत गेली. “मी खाली बघत होतो. तू बघितलंच नाहीस.”

जखम चिघळली, ताप चढला, दवाखान्याच्या खेपा झाल्या. टाच भरून यायला फार दिवस लागले. मधल्या काळात तिने पॅकेज नव्याने बांधलं, राहिलेली सगळी माहिती भरली, नीट तपासलं. पण ते बसवताना यंत्र थोडा वेळ बंद राहील, असं तिने सांगताच दादा म्हणाला, “आत्ता नको. ही माझ्यासमोर बसली की कर.”

वहिनी ओट्यापाशी होती. हात पुसून ती आली, खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसली आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, “हं. कर आता.”

खोकेवालीने कीबोर्डवर हात ठेवला. दादाने डोळे मिटले नाहीत.