उंच केलेली जीप

नव्या रबराचा वास — उन्हात तापलेला, किंचित गोड, घशाशी येऊन थांबणारा. तो आला की आजही माझ्या हातातले काम गळून पडते. का, ते मी कुणालाही सांगितलेले नाही. पतीला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीटसे ठाऊक नाही.

ऐंशी सालाच्या आसपासचा काळ. दिघोरीला आमच्याकडे एक जुनी जीप होती — मागचे छत काढून मालासाठी हौदा बसवलेली. भाताच्या बांध्यांतून धानाची पोती आणताना तिचे पोट मधल्या उंच धुऱ्यांवर टेकायचे. म्हणून पतीने ती उंच करायची ठरवली. पवनीहून यशवंत मिस्त्री आला. दोन दिवस आमच्या अंगणात लाकडी ठोकळ्यांवर जीप चढवून त्याने चाकांवरच्या कमानींत पोलादाचे नवे पाटे घातले, ते लांब बोल्टांनी आवळले आणि नव्या रबराची मोठी, खोल नक्षीची चाके चढवली. तो बौद्ध कुटुंबातला. त्याच्या चहाचा कप आमच्याकडे वळचणीला वेगळा असे. तो मीच भरत होते — कविता वाचणारी, वाचून डोळे ओले करणारी मी.

काम संपले तेव्हा पती शेतावर होते. यशवंतने हात पुसत मला सांगितले, "वहिनी, पयलं ओझं वाहून झालं का गाडी लगेच माह्याकडं धाडा. नवे पाटे दबतेत, बोल्ट ढिले पडतेत, परत आवळा लागते. भाऊले सांगजा, भुलू नोका." आणि फाटकापाशी जाऊन, वळून, पुन्हा तेच.

मी विसरले असे म्हणता आले असते. पण मी विसरले नव्हते.

संध्याकाळी पती जीपवर चढून लहान मुलासारखे हसले. "आता पवनीच्या लोकायले आपल्या गाडीखालून जा लागते!" दुसऱ्या दिवशी धान गिरणीवर जायचे होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला आसगावला, माहेरी. त्या उंचीवर बसून, साऱ्या आळीदेखत! निरोप दिला असता तर गाडी पवनीला गेली असती आणि मी घरी राहिले असते. परत आल्यावर सांगू — एवढेच मी मनाशी म्हटले. किती हलके वाटले होते ते वाक्य!

आसगावला मी मिरवून आले. आल्यावर सांगितले का? नाही. आता उशिराने सांगितले तर ते विचारतील — आधीच का नाही? परतल्यावर तिसऱ्या दिवशी पोत्यांनी भरलेली जीप, बोल्ट ढिले पडून, तलावाच्या उंच पाळीवरून खाली उलटली. पतीचा उजवा पाय तिच्याखाली सापडला.

खरा हादरा मला त्या बातमीने बसला नाही. तो पुढे आहे.

आठवड्याने सासऱ्यांनी यशवंतला बोलावले. ओसरीवर गावातली चार माणसे. "काहून रे, बोल्ट परत आवळा लागते हे कोनाले सांगतलं होतं तुनं?"

"वहिनीले सांगतलं, पाटीलजी. दोनदा सांगतलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. पतीनेही, खाटेवरून. मी म्हणाले, "मला कुणी काही सांगितलं नाही."

आवाज कापला नाही. शब्द स्वच्छ, सुबक बाहेर पडले — हा माझाच आवाज? मी थिजून त्याचाच कानोसा घेत राहिले. आणि त्याहून भयंकर म्हणजे, कुणीही दुसऱ्यांदा विचारले नाही. माझे म्हणणे खरे ठरायला एक श्वासही लागला नाही. कुणीतरी हसले, "वा रे मिस्त्री! बाईमानसाच्या पदराआड लपून राहिला!" यशवंत पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर आसपासच्या गावांतून त्याच्याकडे गाडी गेली नाही. "बोल्ट ढिले ठेवते तो" — एवढे पुरले. वर्षाच्या आत त्याचे दुकान बंद झाले. मी ते ऐकले आणि तांदूळ निवडत राहिले. पती आजही लंगडतात, आणि आजही त्यालाच बोल लावतात. मी ऐकून घेते.

सात-आठ वर्षांनी पवनीहून येताना एस.टी. खचाखच भरली होती. मी दांडी धरून उभी. समोरच्या बाकावर यशवंत होता. केस पिकलेले, मांडीवर हत्यारांची पिशवी. त्याने मला ओळखले. माझ्या ओठांवर सारे आले होते — खरेच आले होते — आणि मी खिडकीबाहेर पाहू लागले. तो पिशवी सावरत उठला. त्याच्या जागेवर बसून मी दिघोरीपर्यंत आले, तो उभा असताना. हेही सांगून टाकते. उठताना तो एकच शब्द बोलला होता.

"बसा."