दुर्बीण, वरनं का खालनं?

मंडळी, आज माझी आतड्याची दुर्बिणीची तपासणी झाली. पहिलीच. ऑफिसात "जयसिंगपूरला लग्न आहे" असं सांगून गेलो होतो.

कालपासून जुलाबाचं औषध पिऊन पोट पार रिकामं झालं, भीती तेवढी आत राहिली. कारण आमचे वडील. "मूळव्याध हाय, दुसरं काय न्हाय," म्हणत अण्णांनी वर्षभर रक्त पडतंय हे लपवलं. आतड्याचा कॅन्सर आहे हे आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात बाकावर शेजारी पन्हाळ्याकडचे एक फेटेवाले आजोबा होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "काय पावणं, दुर्बीण वरनं का खालनं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळूच म्हटलं, "खालनं."

"माझी बी खालनंच की! भ्या वाटतंय व्हय? मला बी वाटतंय."

त्यांनी माझा हात धरला. आवाज खणखणीत, पण हात गार पडला होता. माझं नाव पुकारेपर्यंत दोघांनीही हात सोडला नाही.

माझ्या आतड्यात एक लहान गाठ निघाली. तपासायला पाठवलीय, वाट बघतोय.

अण्णांना असं मोठ्यानं विचारणारं कुणी भेटलं नाही. तुमच्या घरात कोण "मूळव्याध हाय" म्हणत गप्प बसलंय? आज विचारा की!